तैनाती फौज: अटी लागू

आमच्या सोसायटीने रखवालीचा ठेका एजन्सीला दिला आणि त्याच आठवड्यात नव्या वॉचमनने चेअरमनना फाटकात अडवून वहीत नाव लिहायला लावलं. चेअरमन तापले. मला दुसरे बाजीराव आठवले.

ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला दणका दिल्यावर बाजीराव वसईला गेले आणि ३१ डिसेंबरला त्यांनी आउटसोर्सिंगच्या करारावर सही केली. सहा हजारांची फौज ईस्ट इंडिया कंपनीची, बिल पेशव्यांचं: २६ लाख उत्पन्नाचा मुलूख. शिवाय अटी लागू. इंग्रजांच्या शत्रुदेशांतले गोरे नोकरीत ठेवायचे नाहीत, इतर दरबारांशी बोलायचं ते कंपनीला विचारून. सेवा मात्र चोख! गादी परत मिळाली, फक्त तिचा मालक बदलला. १८१७ मध्ये ग्राहकाने खडकीच्या रणांगणावर तक्रार नोंदवली, तेव्हा करार मोडायची सोयच नाही हे कळलं. १८१८ मध्ये स्वेच्छानिवृत्ती: सालीना आठ लाख पेन्शन, मुक्काम बिठूर.

त्याच खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची कंपनी पुण्याच्या वाट्याला आली. अजून सरकारीच आहे म्हणा. संरक्षण उत्पादनात परकीय भांडवलाला २००१ मध्ये दार उघडलं, तेही नेमकं २६ टक्के! २०२० मध्ये ७४ टक्क्यांपर्यंत सरकारला न विचारता यायची मुभा मिळाली.

आता मित्रराष्ट्र आधी मिठी मारतं, मग शस्त्रांचा कॅटलॉग देतं. सुटे भाग अर्थातच त्यांच्याकडेच मिळतात.

चेअरमन हल्ली मुकाट्याने सही करतात. वहीत ‘कोणाकडे जायचे’ या रकान्यात लिहितात: स्वतःकडे.