हवा धरलीय!

शेतात इंजिन बंद पडलं की दोन माणसं लागतात. एक दोरी ओढायला आणि दुसरा ‘असं न्हाई ओढायचं’ म्हणायला. पहिलं काम कुणीही करतं. दुसऱ्या कामावर नाना असतात.

बीड जिल्ह्यात तालुके ११, गावं हजाराच्या वर आणि नाना गावागणिक एक तरी. गेवराईकडं त्यांना आबा म्हणत असतील, आष्टीकडं अण्णा, पद तेच. तण काढणारा पॉवर विडर कपाशीत धडधडत असतो तोवर नाना कुठं असतात ते कुणालाच ठाऊक नसतं. तो गपकन थांबला की चुना मळता मळता ते बांधावर हजर. बोलावणं धाडावं लागत नाही.

आल्या आल्या यंत्राकडं बघायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. चप्पल काढून तिच्यावर बसायचं, तंबाखूची गोळी दाढेखाली सारायची आणि विचारायचं, “किती येळ चाललं?”

प्रश्न एक नंबर आहे. शिकलेला फिटरसुद्धा आधी हेच विचारतो. इंजिन मुळातच सुरू होत नसेल तर दुखणं वेगळं आणि चालून चालून थांबत असेल तर वेगळं. फरक एवढाच, की फिटर उत्तर ऐकतो. “इस मिंटं चालतंय नाना, अन् गप व्हतंय,” असं पोरगा सांगेपर्यंत इकडं निकाल लागलेला असतो.

“हवा धरलीय.”

हा निकाल अडाणीपणाचा नाही. नानांची उमेदीची वर्षं डिझेल इंजिनावर गेली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली निघाली आणि विजेचे खांब शिवारात पोचायच्या आधी कितीतरी विहिरींच्या काठावर डिझेलची इंजिनं टुकटुकत होती. मणामणाची चाकं, वर डिकॉम्प्रेशनचा खटका. खटका उचलून हँडल मारायचं, चाकानं वेग घेतला की खटका सोडायचा आणि हँडल वेळेत काढून घ्यायचं. ज्यांना ते वेळेत काढता आलं नाही त्यांची मनगटं अजून पावसाळ्यात ठणकतात. अशा इंजिनाची टाकी कोरडी पडली की नळीत खरंच हवा शिरते. पंपाचा सगळा जोर त्या बुडबुड्यांवर खर्ची पडतो आणि नोझल फवारा मारत नाही. मग नट ढिला करायचा, पंप हलवत राहायचं, बुडबुडे संपून नुसतं डिझेल आलं की आवळायचा. नानांना हे अमावस्येच्या रात्री, एका पान्यावर, बॅटरीशिवाय जमायचं. पाणी देणारा माणूस त्यांना घरून उठवून न्यायचा आणि परत सोडताना चहा पाजायचा. त्या चहावर त्यांची उभी हयात गेली.

विडरच्या या चिमुकल्या पेट्रोल इंजिनात तो नटच नाही. नाना तो दर खेपेला शोधतात. सापडला नाही की कंपनीच्या मालकाला एक शिवी हासडतात आणि प्लगकडं वळतात.

प्लगच्या बाबतीत मात्र त्यांना नाव ठेवायला जागा नाही. काजळी पॉलिश पेपरनं घासतात, मग फटीत हेक्सॉ ब्लेडचा तुकडा सरकवून बघतात. अशा इंजिनाच्या पुस्तकात ही फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर छापलेली असते आणि ब्लेडची जाडी त्याच्या जवळपास भरते. पुस्तक कुणीच उघडलेलं नसतं. ते आलं त्याच पिशवीत, पत्र्याला टांगलेलं. नंतर प्लग टोपणात खोचून इंजिनाच्या अंगाला टेकवायचा आणि पोराला दोरी ओढायला लावायची. ठिणगी निळी पडली तर सगळ्यांना आनंद, नानांना नाही. करंट चांगला निघाला म्हणजे संशयित एक कमी झाला. नाना बिडी सोडून तंबाखूवर आले ते पेट्रोलशेजारच्या अशाच एका प्रयोगानंतर, असं खुरपणाऱ्या बाया सांगतात. नाना सांगत नाहीत.

एव्हाना बांधावर दुसरे तज्ज्ञ जमलेले असतात. सोसायटीचे माजी चेअरमन म्हणतात, “पेट्रोलात पानी हाय.” आता हे ऐकायला राजकारण वाटतं, पण आपल्याकडं त्यात एक खोच आहे. दिवाळीच्या आगेमागे इथल्याच गावातले कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. त्या उसाचं इथेनॉल होतं आणि २०२५ मध्ये पेट्रोलात त्याचं प्रमाण २० टक्क्यांवर नेलं गेलं. म्हणजे आपण तोडलेला ऊस आपल्याच टाकीत येऊन बसला. इथेनॉल हवेतली ओल ओढतं; यंत्र महिनोन्‌महिने तसंच पडून राहिलं तर पाणी तळाला बसून कार्बोरेटरपर्यंत जाऊ शकतं. चेअरमन साफ चुकलेले नसतात. पण हा विडर आठवडाभर रोज चाललेला असतो आणि पेट्रोल कालचं असतं.

पाटोद्याहून सासुरवाडीला आलेला एक जावई वेगळंच काढतो. तिकडं बालाघाटाच्या उतारावर यंत्र तिरकं झालं की ऑइल एका अंगाला जातं, आणि काही इंजिनांत ऑइल कमी झाल्याची खूण मिळाली की ठिणगीच बंद करणारा सेन्सर असतो. सेन्सरला वाटतं ऑइल संपलं. जावई बरोबर बोलतो. त्याच्या पायाखालचं रान मात्र बाजेसारखं सपाट. पाहुणा म्हणून कुणी तसं बोलत नाही.

“नाना, आमी हातानं दोन तासं खुरपून पार बांधाला गेलो की ओ,” बायांतली एक म्हणते.

“जुन्या बैलजोडीला कधी प्लग मारावा लागला व्हता का?” नाना म्हणतात. त्यांचीच जोडी त्यांनी नेकनूरच्या बाजारात विकलेली असते. पण ते आता कोण काढतं.

एवढ्यात पोराची बायको येते. तिला पॉवर विडरमधलं काही कळत नाही असं सगळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. ती विचारते, “पेट्रोल हाय का पण टाकीत?” तासाभरात हे कुणी विचारलेलं नसतं. उत्तराची वाट न बघता ती झाकण फिरवते. झाकण हटत नाही, मग पदरानं धरून जोर लावते, आणि टाकी सुर्रकन श्वास घेते.

या इंजिनात पेट्रोल टाकीतून आपल्या वजनानं खाली उतरतं. जेवढं उतरलं तेवढी हवा वरून आत यावी लागते, म्हणून झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. काळ्या मातीची धूळ, वर सांडलेलं ऑइल, त्याचा लगदा त्या भोकात बसला की वीसेक मिनिटांत टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल जागीच अडून राहतं. भोक अर्धवट बुजलं असेल तर थोड्या वेळानं हवा झिरपते, इंजिन आपोआप सुरू होतं आणि श्रेय त्या क्षणी ज्याच्या हातात पाना असेल त्याला जातं. असं श्रेय नानांच्या खात्यावर बरंच जमा आहे. या वेळी भोक पुरतं बुजलेलं होतं.

झाकण ढिलं ठेवून पोरानं दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला विडर धडधडला. बाया हसल्या. चेअरमन घड्याळ बघू लागले. नाना सावकाश उठले, बाभळीचा काटा मोडून आणला, झाकणाचं भोक टोकरलं, फुंकर मारली आणि झाकण पोराच्या हातात दिलं.

“म्हनलं न्हवतं? हवा!”

“नाना,” पोराची बायको म्हणाली, “ती धरली न्हवती. आत यायची ऱ्हायली व्हती.”

“मंग?” नाना म्हणाले, “हवाच ना?”