व्हॉल्व्हकरी

न्यू जर्सीतल्या एडिसन गावात मराठी माणसाच्या घरी पहिल्यांदा गेलात की यजमान आधी दिवाणखाना दाखवतो, मग नवा ओटा, मग मुलीच्या भरतनाट्यमच्या ढाली. व्हॉल्व्हकरी यातलं काही दाखवत नाही. तो तुम्हाला बूट काढायला लावतो आणि थेट तळघरात नेतो.

खाली अंधार असतो. आपण भिंतीवर बटण चाचपायला लागलो की तो कुजबुजतो, "थांब रे, दिवा नको." कुठेतरी एक खटका पडतो. आणि काहीही होत नाही. मग वीसेक सेकंदांनी एका जुन्या पेटीच्या पाठीमागे नारिंगी उजेड उगवायला लागतो, समईच्या वाती एकेक करून धरतात तसा. आपण "वा!" म्हणतो, कारण काहीतरी म्हणायलाच हवं. "अजून नाही," तो म्हणतो, "तापू दे." वरून वहिनींची हाक येते, "पोहे गार होतायत!" पोहे गार होतात, व्हॉल्व्ह तापतात. त्या घरातला उष्णतेचा हिशेब वर्षानुवर्षं असाच चालत आलेला आहे.

व्हॉल्व्हकरी म्हणजे गिटारच्या जुन्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरचा भक्त. वारकऱ्याला एक पंढरी पुरते, याला तीन लागतात. पहिली कॅलिफोर्नियातलं फुलर्टन, जिथे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लिओ फेंडरने अँप बांधायला घेतले. दुसरी लंडनमधलं हॅनवेल. तिथे जिम मार्शल नावाच्या ड्रमवाल्याचं वाद्यांचं दुकान होतं. अमेरिकेतून आलेला फेंडर फार महाग पडतो म्हणून १९६२च्या सुमारास त्या दुकानात फेंडरच्याच 'बासमन' अँपच्या नकाशावरून नवा अँप जोडला गेला आणि पुढे रॉक संगीताने कान किटेपर्यंत तोच वाजवला. तिसरी केंट परगण्यातलं डार्टफर्ड, 'व्हॉक्स'चं माहेर. बीटल्सच्या मागे उभा असायचा तो व्हॉक्स. ही तीन नावं घेताना त्याचा आवाज इतका खाली येतो की आपण नकळत चपला शोधायला लागतो.

खरं तर इतकं लांब जायचीही गरज नाही. ज्या गावात घर घेतलं तेही त्याला दैवी संकेत वाटतं. १८८० साली मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या या एडिसन गावातच, दिव्याची काच आतून काळी का पडते ते शोधताना एडिसनला दिसलं की तापलेल्या तारेपासून पोकळीतूनही वीज वाहते. त्याने पेटंट घेतलं आणि विषय सोडून दिला. १९०४ साली इंग्लंडमध्ये फ्लेमिंगने त्याच गोष्टीतून पहिला व्हॉल्व्ह केला. आरसीएचे व्हॉल्व्ह पुढे जवळच्याच हॅरिसनमध्ये होऊ लागले, टंगसोलचे नेवार्कमध्ये. बाकीच्या मराठी मंडळींनी हे गाव पटेलांची दुकानं आणि शाळा बघून निवडलं. याने निवडलं ते इथे इलेक्ट्रॉन पहिल्यांदा मोकळा फिरला म्हणून. अर्थात, ही कथा त्याने घराचं कर्ज मंजूर झाल्यावर सांगितली, असं वहिनी म्हणतात.

पुण्यातला जुना माणूस बोलताना काळाचे दोन भाग करतो: पानशेतच्या आधी आणि पानशेतच्या नंतर. व्हॉल्व्हकऱ्याचं पानशेत जानेवारी १९६५मध्ये फुटलं. त्या महिन्यात सीबीएस कंपनीने एक कोटी तीस लाख डॉलर मोजून फेंडर विकत घेतली. त्याआधीचं सगळं सोनं, त्यानंतर नुसती वाहून गेलेली वस्ती. अँप १९६४चा निघाला तर त्याचे डोळे पाणावतात. १९६८चा निघाला तर "असू दे, मुलांना शिकायला बरा" असं म्हणतो. मुलं पियानो शिकतात.

साल ठरवायचं कसं, यावर त्याच्याइतका गंभीर माणूस मी फक्त पत्रिका जुळवणाऱ्यांत पाहिला आहे. आवाज कमीजास्त करायच्या बटणामागे जो गोल डबीसारखा भाग असतो, त्यावर आकडे कोरलेले असतात. पहिले तीन आकडे कारखान्याचे, त्यापुढचे दोन सालाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. हा नाकावर भिंग लावून वाचतो, "तीन शून्य चार, चौसष्ट, सोळा. चौसष्ट सालचा सोळावा आठवडा, म्हणजे एप्रिलचा मध्य." शेजारी बसलेल्या त्याच्या आई जपमाळ न थांबवता म्हणाल्या, "सूर्य मेषेत. उच्चीचा आहे हो." त्या दिवशी त्याने अँपच्या मालकाशी घासाघीस केली नाही.

आईंचा आणि त्याच्या छंदाचा संबंध एवढाच नव्हता. त्या सहा महिन्यांसाठी ठाण्याहून आल्या आणि हिवाळ्यात अडकल्या. जर्सीच्या थंडीत दही लागेना. मुलगा रोज संध्याकाळी "खाली एसी थर्टी लावून येतो" म्हणतो, हे त्या ऐकत होत्या. बाहेर बर्फ पडत असताना हा एसी कशाला लावतो, म्हणून काळजीने बघायला गेल्या. तर तो एसी गार नव्हताच. व्हॉक्सचा एसी३० हा जगातला बहुधा सर्वांत तापट तीस वॅटचा प्राणी. त्यातले चार ईएल८४ व्हॉल्व्ह कुणी सूर छेडो न छेडो, सतत भरपूर वीज ओढत राहतात, आणि पेटीचं डोकं रेडिओवर मांजर झोपावं इतकं ऊबदार होतं. दुसऱ्या दिवशी हा खाली गेला तेव्हा साठीच्या दशकातल्या त्या पेटीवर, क्रोशाचा रुमाल घालून, विरजणाचं पातेलं ठेवलेलं होतं.

तो ओरडला नाही, हे मी त्याच्या संस्कारांना देतो. पातेलं दोन्ही हातांनी उचलून, हलू न देता, त्याने वर आणलं. दही असं लागलं होतं की सुरीने कापावं. पुढे आठवडाभर तो जेवताना दोन वाट्या घ्यायचा आणि म्हणायचा, "रशियन व्हॉल्व्ह असते ना, तर असं लागलं नसतं."

रशियाची त्याला काळजी असते. नवे व्हॉल्व्ह आता प्रामुख्याने रशियात सारातोव्हला, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये होतात. २०२२च्या मार्चमध्ये रशियाने निर्यात थांबवल्याची बातमी आली तेव्हा बाकीचं जग गव्हाची आणि तेलाची चिंता करत होतं. याने चाळीस १२एएक्स७ मागवून ठेवले. पन्नास वर्षांपूर्वीचा, डबीतून न काढलेला इंग्लिश मुलार्ड मिळाला तर तो वापरायचा नसतो. तो फक्त असायचा असतो, लग्नातल्या पैठणीसारखा.

घरातल्या गैरसमजांना त्याची भाषा जबाबदार आहे. शेजारच्या काकूंनी त्याला अंगणात फोनवर बोलताना ऐकलं: "अरे, तिचं चारवर ब्रेकअप होतं! दोनवर गोड असते, पण चारच्या पुढे गेलं की काय ओरडते!" काकू तीन दिवस वहिनींकडे भाजी पाठवत होत्या. 'ती' म्हणजे फेंडर डीलक्स रिव्हर्ब, बावीस वॅटची. ब्रेकअप म्हणजे आवाजाचं बटण वाढवत नेल्यावर ज्या आकड्यापाशी सूर खरखरायला लागतो तो मुक्काम. त्यातून शेजारच्याच कलोनियात राहून गेलेल्या केन फिशरने आणखी घोळ घातलेला. त्याचे 'ट्रेनरेक' अँप मोजकेच, आणि त्याने त्यांना नंबरांऐवजी बायकांची नावं दिली. व्हॉल्व्हकऱ्याच्या वहीत अशा सात-आठ बायकांची यादी आहे, सध्या कुणाकडे आहे आणि किती मागतात या तपशिलासह. वही एकदा वहिनींच्या हाती लागली. त्यांनी आकडे वाचले आणि शांतपणे परत ठेवली. "एवढी ऐपत नाही त्याची," म्हणाल्या.

कॅलिफोर्नियातल्या डंबलचं नाव तर तो घरात काढतच नाही. त्या गृहस्थाने हयातीत जेमतेम तीनेकशे अँप हाताने बांधले आणि आतली जोडणी कुणी चोरू नये म्हणून काहींवर राळ ओतून ठेवली. एकेकाला लाख डॉलरच्या पुढे भाव येतो. गोडा मसाला लोक असाच झाकून देतात, फक्त स्वस्तात.

आता तो वाजवतो कसा? चांगला वाजवतो. हे मला सांगायलाच हवं, कारण असल्या माणसाला वाजवता येत नाही असं लिहिणं सोपं होतं. पण कधी वाजवणार? या यंत्रांची खरी खुमारी ती पूर्ण दाबली की उमलते, आणि बावीस वॅट पूर्ण दाबले की वरच्या मजल्यावरचे कप बशीतून चालायला लागतात. म्हणजे गावातली सर्वांत मोठ्या आवाजाची चीजवस्तू ज्याच्या मालकीची, तोच कुजबुजत जगतो. रविवारी बायको मुलांना मराठी शाळेत सोडायला जाते त्या चाळीस मिनिटांवर त्याचा आठवडा टांगलेला असतो. त्यातली दहा तापवण्यात जातात. पंधरा तो पेटीच्या आत चायनीज जेवणातून उरलेल्या लाकडी काडीने तारा टोचत कुठे खरखर येते ते शोधतो. त्या वेळी डावा हात खिशात, कारण प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चारेकशे व्होल्ट दबा धरून असू शकतात, आणि दोन्ही हात आत घातले तर ते छातीतून रस्ता काढतात. उरलेल्या वेळात एक 'ई' कॉर्ड वाजवून तो विझेपर्यंत ऐकतो.

एकदा मी विचारलं, हे सगळं बिघडलेल्या आवाजासाठीच ना? त्याला राग आला नाही. म्हणाला, "तंबोऱ्याला मिरजेला नेऊन जवारी का लावतात? तार घोडीवर जरा घासली की सुरातून सूर निघतात. नाही घासली तर नुसतं टुणटुण. व्हॉल्व्ह झेपेनासा झाला की हेच करतो. ट्रान्झिस्टर झेपेनासा झाला की नुसता कचकन कापतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईंनीही माळ थांबवून मान डोलावली.

मग गणपती आले. मंडळाने शाळेचं सभागृह घेतलं होतं आणि ऐन आरतीला ध्वनिक्षेपकाने मान टाकली. सगळ्यांच्या नजरा याच्याकडे वळल्या. तो पंचवीस मिनिटांत घरून बासमन घेऊन आला, चार स्पीकरचा, गादीत गुंडाळून, गाडीच्या पुढच्या सीटला पट्टा लावून. मुलं मागे बसली होती. माइक जोडला आणि म्हणाला, "तीनवर ठेवलंय. कुणी हात लावू नका." तेवढ्यात त्याला गाडी हलवायला बोलावलं.

मंडळाच्या खजिनदारांना आरती नेहमी कमीच ऐकू येते. त्यांनी बटण दहावर नेलं. शेजारच्या काकूंनी पहिला स्वर लावला, आणि सभागृहात जे घुमलं त्याला आरती म्हणणं कठीण होतं. झांजा लाजल्या. मागच्या रांगेतली मुलं कानांत बोटं घालून नाचायला लागली. "बंद करा हो," कुणीतरी ओरडलं, "आवाज फाटतोय!"

तो दारात उभा होता, हातात गाडीची किल्ली, डोळे मिटलेले. खजिनदारांनी घाईने बटण खाली आणलं, तसा तो भानावर आला, गर्दीतून वाट काढत पुढे गेला आणि काकूंसमोर हात जोडून म्हणाला, "काकू, तेवढं पहिलं कडवं परत घेता?"