आमच्याकडे टॉमी होता तेव्हा

घरात पिल्लू आल्याची बातमी सोसायटीत कोण पसरवतं हे सांगता येत नाही, पण ती सर्वांत आधी कुणाला लागते हे छातीठोकपणे सांगता येईल. टॉमीवाल्या काकांना. पिल्लानं पहिली सतरंजी ओली करायच्या आत ते दारात उभे. हातात कोथिंबिरीची जुडी आणि चेहऱ्यावर बाळंतिणीच्या खोलीत शिरणाऱ्या सुईणीचा भाव. पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत असे एक काका असतात. आमचे तिसऱ्या मजल्यावर राहतात.

"जात कोणती?" हा पहिला प्रश्न. लॅब्राडोर म्हणालात तर "आपल्या हवेत टिकत नाही." आम्ही गावठी म्हणालो.

"मग विकत कशाला आणलंत?"

"विकत नाही काका, दत्तक घेतलं."

"अस्सं! म्हणजे फ्लॅटमध्ये वाटा देणार?"

एवढं बोलून काका दिवाणावर बसले. पाय वर घेऊन, पक्की मांडी घालून. पुढे महिनाभर त्यांनी जे मार्गदर्शन केलं ते याच आसनावरून.

त्यांचा सगळा अधिकार एका वाक्यावर उभा आहे: "आमच्याकडे वाईला टॉमी होता तेव्हा..." हा टॉमी पासष्ट-सत्तर सालातला. समोरच्याप्रमाणे त्याची जात बदलते. लॅब्राडोरवाल्यांकडे तो अस्सल अल्सेशियन असतो. आमच्या चिकूसमोर तो मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांच्या शिकारी कुत्र्यांच्या वंशातला झाला. टॉमी कधी घरात मुतला नाही, कधी भुंकला नाही (चोर सोडून), आणि गोठ्यात एकटा झोपायचा. "पहिल्या रात्री रडतं, रडू द्यायचं," काका म्हणाले. "तीन रात्रींत सुतासारखं सरळ होतं."

डॉक्टरांचं म्हणणं उलट. आईपासून, भावंडांपासून नुकतंच तुटलेलं पिल्लू रडणारच. पहिले काही दिवस त्याचं अंथरूण माणसांजवळ असू द्या. बाबांनी काकांची बाजू घेतली. "लाड नकोत" असं बजावून ते झोपायला गेले. पहाटे आई उठली तेव्हा बाबा हॉलमध्ये चटईवर झोपलेले, आणि त्यांची करंगळी चिकूच्या तोंडात.

शू-शीच्या बाबतीत काकांचं शास्त्र सोपं होतं: घाण केली की त्यात नाक घासायचं आणि वर्तमानपत्राची गुंडाळी करून हाणायची. याला काही अर्थ नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दोन तासांच्या वर धरवत नाही, आणि मार खाल्ला की ते एवढंच शिकतं की माणसासमोर मुतू नये, सोफ्यामागे मुतावं. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की उचलून ठरलेल्या जागी न्यायचं, काम झालं की तोंडभरून कौतुक करायचं, बस्स. लसी पुऱ्या होईपर्यंत पार्व्होच्या धास्तीनं खालच्या रस्त्यावर नेता येत नाही, म्हणून आमची ठरलेली जागा म्हणजे बाल्कनी. वर्तमानपत्र तिथे लागलं, पण गुंडाळीशिवाय. अग्रलेखाचं पान शेवटी टाकायचं, हा बाबांचा नियम. चिकूला मात्र तेच पान पसंत.

"दूध-भाकरी कुस्करून द्या," हा सल्ला आईला मनापासून पटला, कारण तो तिच्याही आईचा होता. डॉक्टर नको म्हणाले होते. गाईम्हशीचं दूध बऱ्याच कुत्र्यांना पचत नाही. आईनं गुपचूप वाटीभर दिलं. त्या रात्री सगळे पाळीपाळीनं बाल्कनीत होतो. अग्रलेख पुरला नाही.

सोफ्यावर चढू देण्याला काकांचा धार्मिक आक्षेप. "दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, मान्य. पण जमिनीवर आहेत."

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. त्यातले बहुतेक आमच्या दाराबाहेर काढलेल्या काकांच्या कोल्हापुरी वहाणेवर उमटले. "टॉमीनं कधी..." एवढंच बोलून काका अनवाणी वर गेले.

काकांचा उपयोग झालाच नाही, असं मात्र म्हणवत नाही. सोसायटीच्या सभेत कुत्र्यांना लिफ्ट बंद करण्याचा ठराव आला. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तशी बंदी घालता येत नाही. आम्ही ते कागद घेऊन गेलो होतो. ते काढायची वेळच आली नाही. काका उभे राहिले आणि "आमच्याकडे टॉमी होता तेव्हा वाड्याला लिफ्टच नव्हती" इथून सुरू झाले. ते कृष्णेच्या घाटावर पोहोचेपर्यंत सेक्रेटरींनी ठराव मागे घेऊन चहा मागवला होता.

मग वाईहून काकांच्या थोरल्या बहीण, आक्का, आल्या. चिकू पाहायला काकांबरोबर खाली उतरल्या. आईनं सहज टॉमीचा विषय काढला.

"टॉमी? तो समोरच्या गिरणीवाल्याचा!" आक्का म्हणाल्या. "आमच्या ओसरीवर आला की हा माळ्यावर पळायचा. एकदा गाठलंच त्यानं. पोटरी धरली. चौदा इंजेक्शनं घेतली, पोटात!"

मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस, बेंबीभोवती रोज एक सुई. भारतात ती २००४-०५ च्या सुमाराला बंद झाली. आता काम दंडावरच्या चार-पाच सुयांत भागतं. आम्ही सगळे काकांच्या मांडीकडे पाहू लागलो.

काका मिनिटभर गप्प. मग घसा खाकरून म्हणाले, "तेच तर सांगतोय वहिनी. याला तीन महिने पुरे झाले की रेबीजची लस चुकवू नका."

डॉक्टरांनी कार्डावर तेच लिहिलं होतं. काकांचं आणि डॉक्टरांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ.

"आणि दूध-भाकरी?" आईनं आशेनं विचारलं.

"चालू ठेवा," दिवाणावर आणखी आत सरकत काका म्हणाले. "गिरणीवाला रोज द्यायचा."