अनएक्सप्लोर्ड उमरठ

मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, तेव्हापासून तिथला प्रत्येक प्रवास आडवाटेचाच आहे. तरी आमच्या मित्राला ‘खरीखुरी आडवाट’ हवी होती. महाडजवळची गांधारपाल्याची लेणी त्याने तडकाफडकी बाद केली, कारण ती हायवेवरूनच दिसतात. चवदार तळ्याकाठी त्याने सीलबंद बाटलीतलं पाणी प्यायलं. इथलं ओंजळभर पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, हे फलकावर वाचून म्हणाला, “इथे फारसं कुणी येत नाही वाटतं.” म्हटलं, २० मार्चला ये, पाय ठेवायला जागा मिळाली तर कळव.

पोलादपूरहून उमरठकडे वळलो आणि स्वारी खुलली. डोंगर, भातखाचरं, मोबाईलला रेंज नाही! “अनएक्सप्लोर्ड आहे रे!” तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीसमोर उभं राहून तो हे म्हणत होता. रायबाच्या लग्नाचा धडा चौथीत त्यानेही घोकला असणार.

पारावरच्या आजोबांनी विचारलं, “कुठून आलात?”

“ठाण्याहून,” मित्र जरा ऐटीत म्हणाला.

“हां, म्हणजे घरचेच. आमची अर्धी वाडी तिथंच असते.”