रंगोपंत

आमच्या ऑफिसातले लिनक्सचे सर्व्हर जे सांभाळतात, त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या स्लिपवर असतं. एरवी सगळे त्यांना रंगोपंतच म्हणतात. काळ्या स्क्रीनवर आपण आदेश टाइप करायच्या आधी डावीकडे जी खूण उमटते, ती प्रॉम्प्ट. या गृहस्थांचा अर्धा संसार तिथेच मांडलेला.

"साध्या युजरला डॉलर, सर्वाधिकारी रूटला हॅश. एवढ्यावर चालतं की जगाचं," मी एकदा म्हणालो.

"गंधसुद्धा कोणी आडवं लावतं, कोणी उभं," रंगोपंत चश्म्यावरून बघत म्हणाले. "माणूस कुठला ते कपाळावर दिसलं पाहिजे."

प्रॉम्प्ट कसा दिसावा हे ठरवणारं पीएस-वन नावाचं एक व्हेरिएबल असतं. त्यात बॅकस्लॅश यू लिहिलं की युजरचं नाव येतं, बॅकस्लॅश एच लिहिलं की यंत्राचं आणि बॅकस्लॅश डब्ल्यू लिहिलं की आपण कुठल्या फोल्डरात उभे आहोत ते. शहाणा माणूस इथे थांबतो. रंगोपंतांची इथे कुठे सुरुवात होते. रूटला लाल, ३१ नंबरचा. बॅकअपच्या अकाउंटला निळा, कारण "बिचारं रात्रपाळी करतं". कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांना करडा. पर्मनंट झालं की हिरवा. कायम झाल्याचं पत्र एचआरकडून निघण्याआधी प्रॉम्प्ट हिरवा होतो, त्यामुळे एप्रिल महिन्यात पोरं देवाचं नाव घेऊन लॉगिन करतात.

एकदा रंगाच्या कोडाभोवती बॅकस्लॅशवाले चौकटी कंस घालायचे राहिले. ते नसले की आदेश वाचणारी बॅश न दिसणाऱ्या कोडाचीही जागा मोजते आणि तिचा हिशेब चुकतो. लांब आदेश पुढच्या ओळीवर जायचा, तो त्याच ओळीत आधीच्या अक्षरांच्या डोक्यावर जाऊन बसायला लागला. डेटाबेसवाला अर्धा दिवस कीबोर्ड उलटा करून झटकत होता. त्यातून चकलीचा चुरा तेवढा निघाला.

पण खरा घोळ झाला तो मराठी भाषा दिनामुळे. २७ फेब्रुवारीला रंगोपंतांनी टेस्टच्या सर्व्हरवर रूटचा प्रॉम्प्ट मराठीत केला. यंत्राचं नाव काही देवनागरीत ठेवता येत नाही, म्हणून बॅकस्लॅश एच काढून तिथे हातानं 'चाचणी' लिहिलं. रंग पोपटी, "इथे काही सांडलं तरी चालतं" म्हणून. काना-मात्रा-वेलांट्यांमुळे कर्सर एक घर सरकून उभा राहायचा, पण त्यांना ते दिसेना. चार जणांना बोलावून दाखवलं. आणि संध्याकाळी, इतकी सुंदर गोष्ट एकाच यंत्रावर का ठेवायची, म्हणून रूटची ती बॅशआरसी फाइल लाइव्ह सर्व्हरवरही कॉपी केली. नाव तेवढं नंतर बदलायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी रंगोपंतांनी वर बघितलं. पोपटी. चाचणी. निश्चिंत मनानं रीबूट मारला.

फोन वाजायला लागले. एक, मग तीन, मग मजल्यावरचे सगळे. मॅनेजर धावत आले, तर रंगोपंत स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणत होते, "पण यात स्पष्ट चाचणी लिहिलंय हो!" स्वतःच लिहिलेल्या पाटीवर इतका भाबडा विश्वास मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

त्याच आठवड्यात ज्युनियर पोरीनं सगळीकडे मॉली-गार्ड बसवलं. दुरून लॉगिन करून रीबूट म्हटलं, की ते आधी यंत्राचं नाव विचारतं. चुकलं तर 'विचारलं ते बरं झालं' अशा अर्थाचं काहीतरी सुनावून बेत रद्द करतं. रंगोपंतांना तो अपमान वाटला. तरी काल टेस्टचा सर्व्हर रीबूट करायला बसले. यंत्रानं नाव विचारलं. त्यांनी ताठ बसून देवनागरीत टाइप केलं, चाचणी.

यंत्रानं नकार दिला. रंगोपंत मान हलवत म्हणाले, "बघ, स्वतःचं नाव माहीत नाही याला," आणि त्याचा रंग करडा करून टाकला.