मारिओ आणि तिळाचं तेल

खऱ्याखोट्याचा निवाडा करायचा तर अमळनेरइतकं योग्य गाव महाराष्ट्रात दुसरं सापडणार नाही. 1916 साली प्रतापशेठांनी इथं तत्त्वज्ञान मंदिर काढलं. दोरीवर दिसणारा साप कितपत खरा, यावर तिथं भल्याभल्यांनी डोकं झिजवलं. साने गुरुजीही आधी तिथंच आले आणि मग प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. पुढं 1945 साली स्थापन झालेल्या एका कंपनीनं याच गावात वनस्पती तूप काढायला घेतलं. रूप तुपाचं, रवाळपणा तुपाचा, फक्त गायी-म्हशींचा संबंध नाही. ती कंपनी आज विप्रो म्हणून जगाला ठाऊक आहे. म्हणजे गावाच्या एका टोकाला मायेची चर्चा आणि दुसऱ्या टोकाला ती डब्यात भरून विक्रीला!

तेव्हा जुने व्हिडिओ गेम मूळ यंत्रावर खेळावेत की मोबाइलवर इम्युलेटर, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर टाकून, या वादात आम्ही अमळनेरकरांनी तोंड घालायला हरकत नसावी.

मूळ यंत्राचे भक्त कडक सोवळ्यातले असतात. मोबाइलवरचा मारिओ त्यांना चालत नाही. पण आमच्याकडं मूळ यंत्र होतंच कुठं? निन्टेन्डोचं फॅमिकॉम 1983च्या जुलैत जपानात निघालं. नव्वदीत आमच्या गल्लीत पोचली ती त्याची बिननावाची नक्कल. सोबतच्या पिवळ्या कॅसेटवर 9999999 गेम असल्याचा दावा असायचा. प्रत्यक्षात मोजके गेम, आणि मग तेच पुन्हा दुसऱ्या लेव्हलपासून, दुसऱ्या नावानं. शंकराचार्यांच्या सत्याच्या तीन पायऱ्यांच्या हिशेबानं लावायचं तर जपानातलं मूळ यंत्र पारमार्थिक, गल्लीतलं व्यावहारिक आणि मोबाइलमधलं प्रातिभासिक. आमची सगळी भक्ती मधल्या पायरीवर जडलेली.

त्यातून एक मोठी गंमत झाली. जपानी टीव्हीवर सेकंदाला 60 चित्रं उमटतात, आपल्या पाल पद्धतीत 50. जपानसाठी लिहिलेला गेम पालच्या नकली यंत्रावर चालवला की मारिओ मंदावतो आणि त्याचं संगीतही रेंगाळतं. आमच्या कानांना तीच चाल ओळखीची. आता इम्युलेटरवर तो शुद्ध जपानी वेगानं पळतो, तर वाटतं, याच्यामागं कुत्रं लागलंय. अस्सल तेच नकली वाटतं. यावरही उपाय निघालाय. रशियात 1992 पासून डेंडी नावाची अशीच एक नक्कल विकली गेली, आणि काही इम्युलेटरांत तिच्या नावाचा पर्यायच असतो. म्हणजे नकलेचीही निष्ठेनं नक्कल. तत्त्वज्ञान मंदिरातल्या पंडितांना हे कळतं तर त्यांनी यावर एक व्याख्यानमाला नक्की ठेवली असती.

फुंकरीबद्दल मात्र मी हळवा नाही. कॅसेट चालेना की तिच्यात फुंकायचं, हा विधी गावोगाव होता. खरं तर कॅसेट काढून पुन्हा बसवल्यानं पत्रे नीट टेकायचे. फुंकरीनं ओल तेवढी आत जायची. फुंकू नका, असं निन्टेन्डोच सांगत असे.

इम्युलेटरचा सगळ्यात मोठा गुण खानदेशी माणसालाच कळेल. हवं तिथं गेम साठवून ठेवता येतो. जुन्या यंत्रावर ती सोय नव्हती. मे महिन्याची दुपार, बाहेर पंचेचाळीस अंश, मारिओ आठव्या जगात, बाजूला ‘भो, आते मना नंबर!’ म्हणत बसलेली पोरं, आणि तेवढ्यात लाइट जायची. पंखा बंद पडल्याचं दुःख कुणालाच नसे. सोवळे लोक साठवण्याला लबाडी म्हणतात. म्हणोत. कॉन्ट्रा या गेममध्ये तीस जीव देणारी बटणांची किल्ली मुळात कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतोंनी 1986च्या ग्रेडियससाठी बसवली होती, कारण तो गेम त्यांना स्वतःलाच झेपत नव्हता. जिथं कर्त्यालाच सवलत लागते, तिथं लोडशेडिंगवाल्यांनी का लाजावं?

फक्त डक हंट या गेमच्या खऱ्या बंदुकीपुढं मोबाइलवरच्या इम्युलेटरचं काही चालत नाही. ते कसं, हे आमच्या तुपावरूनच कळतं. आपल्याकडं वनस्पती तुपात पाच टक्के तिळाचं तेल घालायचा नियम होता. कुणी ते साजूक तुपात मिसळलंच, तर प्रयोगशाळेत तिळाच्या तेलामुळं गुलाबी रंग उमटून चोरी पकडली जावी, हा हेतू. डक हंटची बंदूक म्हणजे गेममधलं तिळाचं तेल. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि नळीतला डोळा तो उजेड टिपतो. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर हा उजेड त्या क्षणीच उमटतो. नव्या सपाट पडद्यावर तो जरा उशिरा येतो, बंदुकीला काही दिसत नाही आणि बदकं खुशाल उडून जातात.

तेव्हा दुर्मीळ काय असेल तर तो जाडजूड टीव्ही. आमच्या गल्लीत एकच उरलाय, शेजारच्या काकूंकडं. वर कापडी झालर, झालरीवर गणपती. भाच्याला बंदूक दाखवावी म्हणून मी तासाभरासाठी मागितला. काकू म्हणाल्या, ‘तो परवा भंगारवाल्याला द्यायचा ठरलाय.’

‘मग आज आम्ही गेम लावतो की!’

‘नको रे बाबा,’ काकू म्हणाल्या, ‘गेमनं पिक्चर ट्यूब उडते.’