सगुण लॉजर, निर्गुण लॉजर

इंग्लंडच्या गृहनिर्माण कायद्यात 'लॉजर' नावाचा एक घटक आढळतो, आणि तो खरोखर अस्तित्वात आहे की नाही याचे उत्तर, हा प्रश्न कौन्सिलच्या कोणत्या मजल्यावर विचारला जातो यावर अवलंबून असते. लॉजर म्हणजे दुसऱ्याच्या राहत्या घरात पैसे देऊन एखाद्या खोलीत राहणारा माणूस. पुण्या-मुंबईत ज्याला पेइंग गेस्ट म्हणतात त्याचाच हा विलायती भाऊबंद. कौन्सिल म्हणजे तिथली स्थानिक स्वराज्य संस्था, जी आपल्या मालकीची घरे बाजारापेक्षा कमी भाड्याने देते. आणि असे घर मिळालेला भाडेकरू त्यातली एक खोली ज्याला देतो, तो प्रस्तुत विवेचनाचा नायक होय. सगुण आणि निर्गुण हा भेद मराठी वाचकाला नवा नाही, परंतु एकाच देहाला वसुलीच्या वेळी सगुण आणि हक्काच्या वेळी निर्गुण ठरवण्याची सोय संतांना सुचली नव्हती. ती इंग्रजी नोकरशाहीने शोधून काढली आणि भाडेकरू घर सोडून जातो त्या दिवशी ती पूर्णत्वास जाते.

या सोयीचा पाया १९८० सालच्या गृहनिर्माण कायद्यात आहे. थॅचरबाईंच्या सरकारचा हा कायदा कौन्सिलची घरे भाडेकरूंनाच विकण्याबद्दल गाजला, पण त्याच कायद्याने 'सुरक्षित भाडेकरू', म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय ज्याला हलवता येत नाही असा कौन्सिलचा भाडेकरू, ही संज्ञा आणली आणि त्याला लॉजर ठेवण्याचा हक्कही दिला. आज ती तरतूद १९८५ च्या कायद्याच्या कलम ९३ मध्ये आहे. लॉजर ठेवायला कौन्सिलची परवानगी लागत नाही. घराचा काही भाग पोटभाड्याने द्यायचा तर लेखी संमती लागते, मात्र ती विनाकारण नाकारता येत नाही. आणि सगळेच घर पोटभाड्याने दिले तर भाडेकरूचे संरक्षण कायमचे जाते, ते पुन्हा मिळत नाही. इंग्लंडमध्ये २०१३ पासून हा शेवटचा प्रकार फौजदारी गुन्हाही ठरला असून, त्यात अप्रामाणिकपणा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. येथे एवढेच लक्षात ठेवायचे की लॉजर ठेवण्याचा हक्क भाडेकरूचा आहे, लॉजरने राहण्याचा नव्हे. कुत्रा पाळण्याच्या परवानगीत कुत्र्याचे मत विचारलेले नसते, तसेच हे.

लॉजर आणि पोटभाडेकरू यांतली रेषा कोणती, हा प्रश्न १९८५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, गेला. स्ट्रीट विरुद्ध माउंटफर्ड या खटल्यात स्ट्रीट नावाच्या सॉलिसिटरने बोर्नमथमधील दोन खोल्या आठवड्याला ३७ पौंडांवर दिल्या होत्या आणि करारावर 'भाडेपट्टा' न लिहिता 'लायसन्स', म्हणजे नुसती राहण्याची मुभा, असे लिहून घेतले होते. लॉर्ड टेम्पलमन यांनी ठरवले की खोलीचा ताबा एकट्याचा असेल, भाडे असेल आणि मुदत असेल, तर तो भाडेपट्टाच; लोहाराने दाताळे घडवून त्याला फावडे म्हटले म्हणून ते फावडे होत नाही, अशा आशयाचा दाखला त्यांनी दिला. उलट घरमालक खोली झाडतो, चादरी बदलतो आणि त्यासाठी हवे तेव्हा आत येतो, तर आत राहणारा लॉजर. म्हणजे माणसाचा कायदेशीर दर्जा अखेर चादरीवर आणि दाराच्या किल्लीवर ठरतो, आणि दोन्ही सहसा दुसऱ्याच्याच हातात असतात.

हीच भाडेपट्टा-लायसन्सची इंग्रजी विभागणी मुंबईत 'लीव्ह अँड लायसन्स' या नावाने नांदते आहे, ही आठवण मराठी वाचकाला येथे होणे साहजिक आहे. तिथे तर १९७३ मध्ये भाडे नियंत्रण कायद्यात दुरुस्ती करून, १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या लायसन्सधारकांना एका रात्रीत भाडेकरू मानले गेले. या एका तारखेवर मुंबईतल्या वकिलांच्या चुली पुढे कित्येक वर्षे पेटल्या. त्या उदार दुरुस्तीतूनही पेइंग गेस्ट मात्र वगळला होता. दोन्ही देशांत या गृहस्थाच्या नशिबी व्याख्येबाहेरचा ओटाच आहे.

तरीही लॉजर दिसतच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एकेकाळी तर तो मतदार म्हणून दिसत होता: १८६७ च्या सुधारणा कायद्याने शहरी मतदारसंघांत वर्षाला किमान १० पौंड किमतीच्या, फर्निचर न धरता, खोलीत बारा महिने राहणाऱ्या लॉजर पुरुषांना मतदानाचा हक्क दिला होता. आज तो कौन्सिल टॅक्सच्या खात्याला दिसतो. हा घरपट्टीसारखा कर असून घरात एकच प्रौढ राहत असेल तर त्यात २५ टक्के सवलत मिळते; दुसरा प्रौढ, म्हणजे लॉजर, राहायला आला की सवलत जाते. (लॉजर पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर तो मोजला जात नाही, म्हणून पुण्याहून एम.एस्सी. करायला गेलेला मुलगा त्या खात्यालाही निर्गुणच असतो.)

सर्वाधिक तेजस्वी सगुण रूप त्याला एप्रिल २०१३ मध्ये प्राप्त झाले. त्या महिन्यापासून कौन्सिलच्या घरात गरजेपेक्षा एक खोली जास्त असलेल्या, कामाच्या वयातील भाडेकरूच्या घरभाडे मदतीतून भाड्याच्या १४ टक्के आणि दोन किंवा अधिक खोल्या जास्त असतील तर २५ टक्के रक्कम कापली जाऊ लागली. लोकांनी या कपातीला 'बेडरूम टॅक्स' म्हटले, सरकारने तिला सौम्य नाव दिले, आणि परवडत नसेल तर काय करावे याच्या सल्ल्यांत लॉजर ठेवण्याचाही सल्ला होता. म्हणजे राज्यसंस्था स्वतः लॉजरच्या शोधात निघाली होती. मग हिशेब असा बसला: 'हाउसिंग बेनिफिट' या जुन्या मदतीत लॉजर राहिल्याने ती खोली 'जास्तीची' राहत नसे, पण त्याच्याकडून मिळणाऱ्या पैशांतले आठवड्याचे पहिले २० पौंड सोडून उरलेले उत्पन्न म्हणून धरले जाई, जेवणखाण देत असल्यास उरलेल्यातले निम्मेही सोडले जाई, त्यामुळे सकाळच्या न्याहारीतले अंडे हे अर्धे करपात्र आणि अर्धे करमुक्त असे तत्त्व प्रस्थापित झाले. त्याजागी आलेल्या 'युनिव्हर्सल क्रेडिट'मध्ये उलटे झाले: लॉजरचे पैसे मुळीच धरले जात नाहीत, पण तो ज्या खोलीत झोपतो ती रिकामीच समजली जाते. एका योजनेला माणूस दिसतो आणि पैसे दिसतात, दुसऱ्या योजनेला दोन्ही दिसत नाहीत. मधल्या काळात तो माणूस त्याच पलंगावर त्याच कुशीवर झोपलेला असतो.

आता भाडेकरू घर सोडतो तो क्षण पाहावा, कारण खरी मौज तेथेच आहे. भाडेकरू घरात राहत असतो आणि दोघे स्वयंपाकघर वा न्हाणीघर वाटून घेतात तोपर्यंत लॉजर १९७७ च्या बेदखलीविरोधी कायद्याच्या भाषेत 'वगळलेला' असतो, म्हणजे त्याला काढायला न्यायालयाची गरज नसते, वाजवी मुदतीची सूचना पुरते. भाडेकरू न सांगता निघून गेला, तर 'मालक त्याच घरात राहतो' ही अट पुरी होत नाही, आणि कालपर्यंत दोन वाक्यांत बाहेर काढता येणारा लॉजर आज चार आठवड्यांच्या लेखी नोटिशीचा आणि न्यायालयाच्या आदेशाचा मानकरी होतो. संरक्षण वाढते ते नेमके अशा माणसाविरुद्ध, जो आता पत्ता मागे न ठेवता गेलेला असतो. दुसरीकडे लॉजर घरात एकटा उरला म्हणून 'सगळे घर पोटभाड्याने दिले' असा संशय कौन्सिलला येतो, पाहणीला आलेला अधिकारी कपाटात कोणाचे कपडे आहेत आणि टपाल कोणाच्या नावाचे येते हे विचारतो, आणि मग गायब भाडेकरूच्या नावाची घर सोडण्याची नोटीस दाराच्या फटीतून आत पडते. ती उचलणारा माणूस एकच असतो, आणि ती त्याच्या नावाची नसते.

भाडेकरू रीतसर गेला तरी लॉजरची अवस्था सुधारत नाही, उलट अधिक नेटकी होते. साप्ताहिक भाडेपट्ट्यावर भाडेकरू चार आठवड्यांची नोटीस देतो, बहुधा सोमवारी दुपारी बारापर्यंत किल्ल्या परत करायच्या असतात, आणि घर रिकामे करून द्यायचे असते. आत कोणी राहिले तर त्या दिवसांचे पैसे जाणाऱ्याकडून मागता येतात, म्हणून जाता जाता भाडेकरू लॉजरला मनापासून सल्ला देतो. जुना नियम असा की भाडेकरूने भाडेपट्टा परत सुपूर्द केला, तर कायदेशीर पोटभाडेकरू वाचतो आणि थेट मालकाचा भाडेकरू बनतो; पण नोटीस देऊन भाडेपट्टा संपवला, तर त्याच्याबरोबर पोटभाडेपट्टाही संपतो, हे हाउस ऑफ लॉर्ड्सने २००० मध्ये बॅरेट विरुद्ध मॉर्गन या खटल्यात पुन्हा सांगितले. पोटभाडेकरू या दोन वाटांच्या तळ्यात-मळ्यात असतो; लॉजरला ही चैनही नाही, कारण त्याची मुभा व्यक्तीने व्यक्तीला दिलेली असते आणि देणारा गेला की ती दोन्ही वाटांनी संपते. रविवारी रात्री तो रीतसर राहणारा म्हणून झोपतो, आणि सोमवारी दुपारी बारा वाजता कूसही न बदलता कौन्सिलच्या दृष्टीने अतिक्रमण करणारा होतो. हीच गत कधी कधी भाडेकरूच्या जोडीदाराचीही होते, कारण संयुक्त भाडेपट्ट्यात दोघांपैकी एकाने नोटीस दिली तरी दोघांचा हक्क जातो, असा निर्णय १९९१ मध्ये हॅमरस्मिथ अँड फुलम विरुद्ध मंक या खटल्यात झाला.

भाडेकरू वारला तर वारसाचा प्रश्न येतो. १९८५ च्या कायद्याच्या कलम ११३ मध्ये कुटुंबीयांची यादी आहे: आईवडील, आजीआजोबा, मुले, नातवंडे, भाऊ, बहीण, काका-मामा, आत्या-मावशी, पुतणे-भाचे. जुन्या भाडेपट्ट्यांत यांतला कोणी बारा महिने तिथे राहिला असेल तर घर त्याच्याकडे जाऊ शकते; १ एप्रिल २०१२ नंतरच्या भाडेपट्ट्यांत हा हक्क, करारात वेगळे लिहिले नसेल तर, जोडीदारापुरता उरला आहे. वीस वर्षे म्हाताऱ्याला चहा करून देणारा लॉजर या यादीत बसत नाही, आणि वर्षभर वरच्या खोलीत व्हिडिओ गेम खेळणारा भाचा जुन्या यादीत बसतो. रक्ताचे नाते हे चहापेक्षा घट्ट, हे इंग्रजांनीही मान्य केले आहे. लॉजरला त्याच घरात ठेवण्याची मुभा कौन्सिलला आपल्या वाटप धोरणात असू शकते, आणि काही कौन्सिले ती वापरतात. पण मुभा ही मुभाच, तिच्यावर न्यायालयात उभे राहता येत नाही.

पैशांच्या बाबतीत मात्र कौन्सिल अत्यंत सावध असते. लॉजर प्रामाणिकपणे भाडे भरायला गेला तर ते भाडे म्हणून घेतले जात नाही, कारण भाडे घेतले तर नवा भाडेपट्टा निर्माण झाल्याचा वाद उठू शकतो. त्याच रकमेला 'वापर आणि वास्तव्याचे शुल्क' असे नाव देऊन ते स्वीकारले जाते. रक्कम तीच, खिडकी तीच, पावतीवरील शब्द तेवढा निराळा. दाताळ्याला फावडे म्हणू नये, असे सांगणारा निकाल ज्या वर्षी लागला त्याच वर्षीच्या कायद्यावर चालणाऱ्या कार्यालयात हे घडते, याकडे कोणा विद्वानाचे लक्ष जाईल तो सुदिन.

घर खाली करून घेण्यासाठी कौन्सिल न्यायालयात जाते. अतिक्रमणाच्या दाव्यात, राहत्या घराच्या बाबतीत, कागद बजावल्यापासून सुनावणीपर्यंत पाच दिवस पुरतात, आणि आतील माणसांची नावे दावा करणाऱ्याला ठाऊक नसतील तर तो 'अज्ञात व्यक्तीं'विरुद्ध लावता येतो. लॉजर 'हे माझे घर आहे' असे म्हणू शकतो. मँचेस्टर सिटी कौन्सिल विरुद्ध पिनॉक या खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी मान्य केले की मानवी हक्क करारातील घराच्या आदराच्या हक्काखाली बेदखली प्रमाणात आहे की नाही हे न्यायालयाने तपासले पाहिजे. हा युक्तिवाद मांडता येतो ही खरी प्रगती आहे. तो क्वचितच यशस्वी होतो हा तपशील.

कौन्सिलच्या त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बेघरांचे खाते असते. २०१७ च्या बेघरपणा घटवण्याच्या कायद्याने, जो ३ एप्रिल २०१८ पासून लागू आहे, ५६ दिवसांत बेघर होण्याची शक्यता असलेल्याला वेळीच मदत करणे कौन्सिलवर बंधनकारक केले आहे. शिवाय १९९६ च्या कायद्याने बेघर याची व्याख्या, जिथे राहण्याचा हक्क आहे अशी जागा नसलेला, अशी केली असल्याने हा माणूस आपल्या खोलीत पलंगावर बसून, समोर रूम हीटर चालू असताना, कायद्याने बेघर असतो. म्हणून पहिल्या मजल्यावरचा अधिकारी त्याला काढण्याचे कागद तयार करतो आणि दुसऱ्या मजल्यावरचा अधिकारी त्याने कुठे जावे याची 'वैयक्तिक योजना' त्याच्याबरोबर बसून लिहितो. दोघांचा पगार एकाच तिजोरीतून निघतो. तात्पुरते छप्पर मात्र 'प्राधान्याच्या गरजे'त बसणाऱ्यांना, जसे गरोदर स्त्रिया, पदरी मुले असलेले, वय वा आजाराने हतबल झालेले. धडधाकट, अविवाहित, नोकरी करणारा लॉजर निरोगी असल्याची शिक्षा भोगतो. २०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्याने खासगी भाडेकरूंना कारण न देता काढण्याची पद्धत बंद केली, पण मालकाच्या घरात राहणारे लॉजर त्या कायद्याबाहेरच आहेत.

घर रिकामे झाले की कौन्सिल ते रंगवून पुन्हा वाटपाला काढते, आणि इंग्लंडभर सुमारे १३ लाख कुटुंबे ज्या यादीत थांबली आहेत तिच्यात लॉजरही नाव नोंदवू शकतो. अर्जात मागील पाच वर्षांचे पत्ते आणि तिथे राहण्याचा हक्क कोणत्या प्रकारचा होता हे विचारलेले असते, आणि उत्तरांच्या पर्यायांत 'लॉजर' असा एक स्वतंत्र चौकोनही असतो. त्यावर खूण केली की पुढचा प्रश्न येतो, तो म्हणजे मागील जागा सोडण्याचे कारण काय, आणि घरमालकाचा संपर्क क्रमांक द्यावा.